खांदा दुसऱ्याचा, बंदूक आपली: हस्तक गट कसे चालतात आणि युद्ध कसं पसरतं

सप्टेंबर १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून, इंग्रजांच्या कैदेतून निसटले. आदल्या वर्षी पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला होता आणि त्याचा ठपका त्यांच्यावर होता. पुढच्या काही महिन्यांत शिखर शिंगणापूर, नातेपुते या बाजूला हत्यारबंद माणसं जमू लागली. पुण्याचे रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातले इंग्रजांचे वकील, एल्फिन्स्टन यांनी दुसऱ्या बाजीरावांना जाब विचारला. पेशव्यांनी बंदोबस्तासाठी फौज धाडली आणि त्या फौजेनं कळवलं, इकडे बंडखोर कुठेच दिसत नाहीत. त्र्यंबकजी कुठे आहेत ते आपल्याला ठाऊक नाही, आपला त्यांच्याशी काही संबंध नाही, हे पालुपद पेशवे शेवटपर्यंत लावत राहिले. आतून मात्र त्यांचा पाठिंबा आणि पैसा तिकडे जातो आहे, अशी एल्फिन्स्टनची खात्री झाली होती.

मे १८१७ मध्ये इंग्रज फौजेनं पुण्याला वेढा घातला. त्र्यंबकजी हाती येईपर्यंत तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड द्यावे लागले. जूनमध्ये पुण्याचा तह लादला गेला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

पेशवाई बुडण्याची कारणं पुष्कळ आहेत, ती सगळी इथे मोजायची नाहीत. पण या प्रकरणातली एक गोष्ट आजच्या बातम्या समजायला फार उपयोगी पडते. ‘माझा संबंध नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या ताकदीवर चालत नाही. समोरच्याला ते मान्य करणं सोयीचं वाटतं, तोवरच ते चालतं. ज्या दिवशी त्याला ते सोयीचं वाटत नाही, त्या दिवशी तो गुंडांना सोडून थेट वाड्यावर येतो.

इराण, इस्रायल, हिजबुल्ला, हूती, पाकिस्तान, लष्कर-ए-तय्यबा, तालिबान या नावांमागचं गणित समजून घेण्याची किल्ली हीच आहे.

प्रॉक्सी म्हणजे नक्की कोण?

कॉलेजात एकाच्या नावाची हजेरी दुसरा देतो, त्याला आपण प्रॉक्सी म्हणतो. युद्धातही शब्द तोच आहे. लढाई एका देशाची आणि मैदानात दुसराच कुणी. त्या दुसऱ्याला इथे हस्तक गट म्हणू आणि मागच्या देशाला पाठीराखा.

सगळ्या हस्तकांना एकाच मापात तोलणं ही पहिली चूक. काही गट पाठीराख्यानं जवळजवळ हातानं घडवलेले असतात. १९८२ मध्ये इस्रायलनं लेबनॉनवर चढाई केली तेव्हा इराणनं आपल्या रिव्होल्यूशनरी गार्डचे शेकडो प्रशिक्षक बेका खोऱ्यात पाठवले आणि त्यातून हिजबुल्ला ही तिथली शिया संघटना उभी राहिली. काही गट मुळात स्वतःचे असतात आणि मदत नंतर येते. येमेनचे हूती हे उत्तर येमेनमधल्या झैदी पंथीयांचं जुनं स्थानिक आंदोलन. सना शहर त्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये घेतलं आणि मार्च २०१५ मध्ये सौदीच्या आघाडीनं हल्ले सुरू केल्यावर इराणशी त्यांचं नातं घट्ट होत गेलं. तिसरा प्रकार गरजेपुरत्या सोयरिकीचा. गाझातली हमास सुन्नी, इराण शिया. सीरियाच्या यादवीत हमासनं तिथले अध्यक्ष असद यांची बाजू घ्यायला नकार दिला तेव्हा दोघांत काही वर्षं चांगलंच बिनसलं होतं.

हा फरक पुस्तकी नाही. हिजबुल्लाला तेहरानहून ‘थांबा’ असा निरोप गेला तर तो ऐकला जाण्याची शक्यता बरीच. हूतींच्या बाबतीत ती कमी आणि हमासच्या बाबतीत आणखी कमी. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्या हल्ल्याची वेळ इराणच्या वरिष्ठांनाही अनपेक्षित होती, असंच अमेरिकी अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. तरीही त्या दिवसापासून पेटलेल्या आगीची झळ जून २०२५ मध्ये थेट तेहरानला लागली. ताबा अर्धा आणि जबाबदारी पूर्ण: पाठीराख्याच्या वाट्याला हा व्यवहार येतो.

हा खेळ पश्चिम आशियापुरता नाही. सीरियातले लढवय्ये तुर्कस्तानच्या मदतीनं लिबियात पोहोचले. पूर्व काँगोत एम-२३ या बंडखोर गटाबरोबर रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये नोंदवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या गटानं गोमा शहर घेतलं. रवांडा अर्थातच नाही म्हणतो.

नळ किती आणि कुणाच्या हातात

पाठीराखा हस्तकाला चार गोष्टी पुरवतो: पैसा, हत्यारं, शिक्षण आणि माहिती. पाचवी गोष्ट आसरा. ती दिसत नाही, पण सगळ्यात महत्त्वाची तीच असते, कारण मागे पळायला जागा असेल तर गट सहसा संपत नाही.

पैशाबद्दल हिजबुल्लाचे नेते हसन नसरल्ला यांनी २०१६ मध्ये उघडच सांगितलं होतं की आमचा खर्च, पगार, हत्यारं सगळं इराणकडून येतं. अमेरिकेचा अंदाज वर्षाला ७० कोटी डॉलरचा. आकडा मोठा वाटतो. पण एका देशाच्या सीमेवर कायमची टांगती तलवार ठेवायची तर नियमित सैन्याच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. पाठीराख्यांना मोह पडतो तो इथेच.

हत्यारं बहुतेक वेळा अख्खी जात नाहीत. ११ जानेवारी २०२४ च्या रात्री सोमालियाजवळ अमेरिकी नौदलाच्या कमांडोंनी एक लाकडी गलबत अडवलं. गलबतावर चढताना दोन कमांडो समुद्रात बुडाले. आत सापडले ते सुटे भाग: क्षेपणास्त्रांची इंजिनं, दिशादर्शक यंत्रणा, स्फोटक टोकं. म्हणजे जुळणी तिकडे येमेनमध्ये होणार. सुटे भाग पाठवण्याचे फायदे दोन. गलबत पकडलं गेलं तरी सगळा माल जात नाही आणि जुळणी तिथे झाल्यामुळे ‘हे हूतींनी स्वतः बनवलंय’ असं म्हणायला जागा राहते. हूतींना हत्यारं पुरवण्यावर सुरक्षा परिषदेचा २२१६ क्रमांकाचा ठराव एप्रिल २०१५ पासून बंदी घालतो, त्यामुळे असं म्हणायला जागा ठेवणं भागच असतं.

आता किमतीचं बघा. इराणी शाहेद-१३६ ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलरच्या दरम्यान धरतात. मोपेडसारखा फटफटत जाणारा, साधं पिस्टन इंजिन बसवलेला हा प्रकार. तो पाडायला लाल समुद्रातल्या अमेरिकी युद्धनौका जी क्षेपणास्त्रं सोडत होत्या, त्यातल्या एसएम-२ ची किंमत साधारण २० लाख डॉलर. दहा ड्रोनमधले नऊ पडले तरी सोडणारा तोट्यात जात नाही.

आणि याची किंमत आपणही मोजतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला हूतींनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून पळवलं. त्यानंतर मोठ्या जहाज कंपन्यांनी बाब-अल-मंदेब ही लाल समुद्राच्या तोंडाची सामुद्रधुनी आणि सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. वळसा म्हणजे दहा ते चौदा दिवस जास्त. हे नेमकं नाशिकच्या द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर. द्राक्षांचा शीतकंटेनर न्हावाशेवातून निघाला की घड्याळ सुरू होतं, कारण फळाचं टिकण्याचं आयुष्य मोजकं असतं. दोन आठवडे समुद्रावरच गेले तर युरोपच्या दुकानात माल पोहोचतो तेव्हा विकायला हातात दिवसच कमी उरतात, नासाडी वाढते, वर भाडं आणि विमा चढलेला. चाकणहून युरोपला सुटे भाग पाठवणाऱ्या कारखान्यांचीही हीच रड होती. फरक इतकाच की लोखंड नासत नाही. २३ डिसेंबर २०२३ ला तर ‘केम प्लूटो’ या टँकरवर पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ड्रोन आदळला. जहाजावर वीस भारतीय होते. सगळे सुखरूप मुंबईला आले. तो ड्रोन इराणमधून आल्याचं अमेरिकेनं म्हटलं, इराणनं नाकारलं.

नामानिराळं राहणं दोघांच्या सोयीचं असतं

हा मुद्दा बातम्यांत क्वचित येतो, म्हणून इथे जरा थांबू.

हल्ला झाला, माणसं मेली, हल्लेखोर कुणाचे हे सगळ्यांना माहीत आहे. तरी पाठीराखा म्हणतो, आमचा हात नाही. आपल्याला राग येतो. पण या नकाराचा उपयोग मार खाणाऱ्या देशालाही असतो. ‘हे त्या गटाचं काम’ असं म्हणता आलं, तर त्या देशावर चालून जाण्याचं बंधन राहत नाही. युद्ध नको असेल तर बाहेर पडायला एक दार उघडं राहतं.

१४ सप्टेंबर २०१९ ला सौदीच्या अबकैक तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडली. रोजचं सुमारे ५७ लाख बॅरल उत्पादन, म्हणजे सौदीचं निम्मं, एका सकाळीत बंद पडलं. हूती म्हणाले, आम्ही केलं. अमेरिका आणि सौदी म्हणाले, मारा येमेनच्या दिशेनं आलाच नाही, यामागे इराण आहे. तरीही इराणवर उघड लष्करी हल्ला झाला नाही. दार उघडं होतं, ते वापरलं गेलं.

कायद्याचं बळही इथे कमी पडतं. निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९८६ मध्ये ठरवलं की अमेरिकेनं तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँत्रा बंडखोरांना पैसा, हत्यारं, शिक्षण दिलं हे बेकायदा आहेच. पण बंडखोरांच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी अमेरिकेवर टाकायची तर त्या-त्या कारवाईवर तिचा प्रत्यक्ष ताबा होता हे सिद्ध व्हायला हवं. पुढे युगोस्लाव्हियाच्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणानं १९९९ मध्ये टाडिच खटल्यात जरा सैल कसोटी लावली: एकंदर ताबा असला तरी पुरे. या दोन कसोट्यांमधल्या फटीत सगळे पाठीराखे आरामात बसलेले असतात. पैसे दिल्याचा पुरावा सापडतो, अमुक तारखेला अमुक जागी हल्ला करा असा हुकूम दिल्याचा पुरावा क्वचितच सापडतो.

२६/११ हा त्यातला विरळा प्रसंग. १६६ जीव गेले. ताजमध्ये, नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या हल्लेखोरांना कराचीतून फोनवर क्षणाक्षणाला सूचना मिळत होत्या आणि ती बोलणी आपल्या यंत्रणांनी टिपली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचं पाकिस्तानच्या गृहखात्याच्या प्रमुखांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मान्यही केलं. तरी भारतानं तेव्हा लष्करी उत्तर दिलं नाही, कागदपत्रं आणि जागतिक दबाव हा रस्ता धरला.

आता पुढच्या पायऱ्या ओळीनं बघा. सप्टेंबर २०१६, उरीनंतर: नियंत्रणरेषा ओलांडून थोडं आत, तळांवर पायदळाचा छापा. फेब्रुवारी २०१९, पुलवाम्यात केंद्रीय राखीव पोलिस दलाचे चाळीस जवान गेल्यानंतर: विमानं, आणि तीही पाकव्याप्त काश्मीरच्या पलीकडे खैबर पख्तुन्ख्वातल्या बालाकोटपर्यंत. मे २०२५, पहलगामनंतर: पाकिस्तानी पंजाबातलं बहावलपूर आणि मुरीदके धरून नऊ ठिकाणं, आणि १० मेपर्यंत रावळपिंडीच्या नूर खान हवाई तळासह अनेक लष्करी तळ. पहलगामला २६ जण मारले गेले, त्यातले सहा महाराष्ट्रातले आणि दोघे आपल्या पुण्याचे. हल्ल्याची जबाबदारी घेणाऱ्या, लष्कर-ए-तय्यबाचा मुखवटा मानल्या जाणाऱ्या ‘टीआरएफ’नं चार दिवसांत शब्द फिरवला, म्हणे आमचं खातं हॅक झालं. पण भारतानं ते दार आता वापरायचंच नाही असं ठरवलं होतं. यापुढचा दहशतवादी हल्ला युद्धाची कृती मानला जाईल, असं १० मे रोजी सरकारनं जाहीर केलं.

या धोरणाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ज्या शहरानं १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत सतरा जण गमावले, त्या शहरात ते पटवून द्यावं लागत नाही. पण त्याची दुसरी बाजूही स्वच्छ समजून घ्यायला हवी. असं जाहीर केलं की पुढच्या वेळी गप्प बसण्याची किंमत आपल्यालाच वाढते. हल्ला पाठीराख्यानं घडवलेला असो की एखाद्या टोळीनं परस्पर केलेला, उत्तर द्यायला आपण बांधले जातो. म्हणजे युद्ध कधी सुरू व्हावं याची थोडी चावी त्या टोळीच्या हातात जाते. इस्रायल आणि इराण यांच्यातही हेच घडलं. १ एप्रिल २०२४ ला इस्रायलच्या हल्ल्यात दमास्कसमधल्या इराणी वकिलातीच्या आवारातली इमारत उडाली आणि इराणी सेनापती मारले गेले. दोन आठवड्यांत इराणनं पहिल्यांदाच स्वतःच्या भूमीवरून थेट इस्रायलवर तीनशेहून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी, जून २०२५ मध्ये बारा दिवसांचं थेट युद्ध, त्यात २२ जूनला फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान या इराणी अणुकेंद्रांवर अमेरिकेचे बॉम्ब.

त्या बारा दिवसांत हिजबुल्ला लढाईत उतरली नाही. चाळीस वर्षं ज्या ढालीवर खर्च केला, ती ऐन वेळी उचललीच गेली नाही. कारण आधीच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे पेजर फुटले, नसरल्ला मारले गेले आणि ८ डिसेंबर २०२४ ला असद पडल्यावर इराक-सीरियातून जाणारी रसदीची वाटही तुटली.

बिघडतं कुठे

युद्ध पसरतं ते बहुतेक वेळा कुणी ठरवून पसरवतं म्हणून नाही. हिशेब चुकतो म्हणून पसरतं.

१२ जुलै २००६. सकाळी लेबनॉन सीमेवर झारित गावाजवळ इस्रायली गस्तीच्या दोन जीपगाड्यांवर हिजबुल्लानं हल्ला केला. तीन सैनिक मेले, दोघांना उचलून नेलं. कैद्यांच्या अदलाबदलीसाठी ओलीस हवे होते. आधीही असं झालं होतं आणि देवाणघेवाण होऊन मिटलं होतं. या वेळी पाठलागात आणखी पाच सैनिक गेले आणि त्यातून ३४ दिवसांचं युद्ध झालं. लेबनॉनमध्ये हजाराहून जास्त माणसं मेली. ऑगस्टअखेरीस नसरल्लांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की याचं पर्यवसान एवढ्या मोठ्या युद्धात होईल हे आधी कळलं असतं तर हे काम केलंच नसतं. मागच्या वेळी समोरच्यानं किती सोसलं, त्यावरून या वेळचा अंदाज बांधला होता. पण तिकडे सरकार बदललेलं होतं, सोसण्याची मर्यादाही बदललेली होती.

दुसरी गोष्ट, किती माणसं मरतात हे नशिबावर असतं आणि युद्ध मात्र त्या आकड्यावर ठरतं. ऑक्टोबर २०२३ पासून इराक-सीरियातल्या अमेरिकी तळांवर इराणच्या पाठबळावरच्या गटांचे दीडशेहून जास्त हल्ले झाले आणि अमेरिकेचं उत्तर बेताचं राहिलं. २८ जानेवारी २०२४ च्या पहाटे जॉर्डनमधल्या टॉवर २२ या तळावर एक ड्रोन आला. त्याच सुमाराला अमेरिकेचा स्वतःचा ड्रोन परतत होता, त्यामुळे गोंधळ झाला अशी माहिती पुढे आली. ड्रोन झोपायच्या खोल्यांवर पडला, तीन सैनिक मेले. दोन दिवसांत कताइब हिजबुल्ला या इराकी गटानं आपण हल्ले थांबवतोय असं जाहीर केलं, तरी २ फेब्रुवारीला अमेरिकेनं ८५ हून अधिक लक्ष्यांवर मारा केला. ड्रोन आधीच्यांसारखाच होता. तो पडला मात्र माणसं झोपली होती तिथे.

तिसरी गोष्ट थकव्याची आणि घबराटीची. ३ जानेवारी २०२० ला अमेरिकेनं बगदाद विमानतळाबाहेर इराणी सेनापती कासिम सुलेमानींना मारलं. इराणचे सगळे हस्तक गट विणणारा हाच माणूस. ८ तारखेच्या पहाटे इराणनं इराकमधल्या अल-असद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तीही इराकच्या पंतप्रधानांना आधी कळवून. अमेरिकेचं कुणी मेलं नाही, शंभरावर सैनिकांच्या मेंदूला मार बसला. दोन्ही बाजूंनी तिथेच थांबायचं मनात घेतलं होतं. पण तेहरानजवळ विमानविरोधी क्षेपणास्त्रांची एक तुकडी उलट हल्ल्याच्या धास्तीत जागी होती. तिची गाडी जागा बदलून उभी केली होती आणि नव्या जागी उत्तर दिशा पुन्हा जुळवायची राहून गेली होती. चूक १०७ अंशांची. विमानतळावरून उडून वर चढणारं युक्रेनचं प्रवासी विमान पडद्यावर भलत्याच दिशेनं येणारं दिसलं. वरिष्ठांशी संपर्क झाला नाही. परवानगी नसताना एक क्षेपणास्त्र सुटलं, सुमारे अर्ध्या मिनिटानं दुसरं. १७६ जण गेले, बहुतेक इराणी आणि इराणी वंशाचे कॅनडावासी, त्यात कितीतरी विद्यार्थी.

हे फक्त त्यांच्याकडेच होतं असं नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला हवाई चकमक चालू असताना बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. वायुसेनेचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. वायुसेनाप्रमुखांनी पुढे ही मोठी चूक असल्याचं मान्य केलं.

आणि हस्तक स्वतः उलटतात, ते वेगळंच. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्ताननं काश्मीरवर टोळीवाले सोडले. ते बारामुल्लात लुटीत अडकले, तेवढ्यात २७ तारखेला भारतीय सैन्य श्रीनगरला उतरलं. पगारावर नसलेल्या माणसाला लुटीपासून कोण अडवणार? आपणही यातून सुटलेलो नाही. श्रीलंकेतल्या तमीळ गटांना १९८३ पासून भारतानं शिक्षण दिलं, त्यात ‘तमीळ वाघ’ म्हणजे एलटीटीईही होती. १९८७ मध्ये त्याच वाघांशी आपल्या शांतिसेनेला लढावं लागलं, सुमारे १२०० जवान गेले आणि २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली. पाकिस्ताननं जोपासलेले तालिबान ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलला बसले, आणि पेशावरच्या शाळेत १३२ मुलं मारणाऱ्या पाकिस्तानी तालिबानला तेच आसरा देतात ही आज पाकिस्तानची तक्रार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावरून दोन्ही देशांत उघड लढाई झाली आणि शस्त्रसंधी दोह्यात करावी लागली.

बातमी वाचताना

पुढचा हल्ला होईल तेव्हा ‘कुणी केला’ या प्रश्नाआधी काही गोष्टी तपासाव्यात. मेलेले गणवेशातले आहेत की नागरिक, आणि कोणत्या देशाचे? हल्ला कुणाच्या भूमीवरून सुटला? हत्यार सापडलं का आणि त्याचे भाग कुठले? जबाबदारी घेतली, मग फिरवली का? फिरवली असेल तर पाठीराखा घाबरलाय किंवा त्याला विचारलंच नव्हतं, दोन्ही शक्यता धराव्यात. उत्तराचा मारा होण्याआधी तिसऱ्या देशाला इशारा गेला होता का? गेला असेल तर मारणाऱ्याला थांबायचं आहे. कुठल्या जागा निवडल्या: गटाचे तळ, की पाठीराख्याची विमानतळं आणि रडार? विमानतळं आणि रडार आले की गोष्ट दुसऱ्या पायरीवर गेली.

पैशाच्या नाड्या आवळण्याची बातमी कंटाळवाणी वाटते, पण ती सोडू नये. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तान एफएटीएफ या दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत होता आणि त्याच काळात तिथे बड्या म्होरक्यांवर पैशाचे खटले चालून शिक्षा झाल्या. क्षेपणास्त्रांनी जे होत नाही ते कधीकधी बँकेच्या कागदांनी होतं, हळू होतं इतकंच.

आणि सगळ्यात आधी बघायचं ते दोन्ही बाजूंचा फोन चालू आहे का. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारताच्या महासंचालकांना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून मारा थांबवायचं ठरलं. त्या रात्री पुन्हा ड्रोन आले, तरी थांबवणं टिकलं. भारत आणि पाकिस्तान यांच्यात निदान अशी तार जोडलेली आहे. तेहरान आणि तेल अवीव यांच्यात ती नाही. तेहरान आणि वॉशिंग्टन यांच्यातही १९८० पासून राजदूत नाहीत. निरोप स्वित्झर्लंडच्या वकिलातीतून, नाहीतर ओमान आणि कतारमार्फत जातो. निरोप पोहोचेपर्यंत जे तास जातात, त्या तासांत कुठल्यातरी तुकडीतला कुणीतरी पडद्यावरच्या एका ठिपक्याकडे बघत बसलेला असतो.